क्वालिटी ऑफ लाईफ नेमकी कोणी ठरवायची? पार्सबाईंची ह्युमनबिकमिंग थिअरी, जमेल तितक्या साध्या भाषेत

नर्सिंग थिअरीचा पेपर जवळ आला की निम्मा वर्ग घोकंपट्टीला लागतो आणि उरलेला निम्मा नशिबावर हवाला ठेवतो. त्यातही रोझमेरी रिझो पार्स हे नाव निघालं की सगळ्यांचेच चेहरे पडतात. मीही त्यांची थिअरी घोकलीच होती, तीन थीम, तीन तत्त्वं, त्याखाली नऊ संकल्पना, सगळं पेपरात ओतलं, पास झाले आणि विसरले. ती कळली पुढे काही वर्षांनी, नाईट ड्युटीवर, आणि कळल्यावर आधी रागच आला, की एवढी साधी गोष्ट एवढ्या अवघड भाषेत का लिहून ठेवलीये बाईंनी.

तर आधी बाईंबद्दल थोडक्यात. पार्स या अमेरिकन नर्स आणि प्राध्यापक. 1981 मध्ये त्यांनी आपली थिअरी पुस्तकरूपात मांडली, तेव्हा तिचं नाव होतं मॅन-लिव्हिंग-हेल्थ. पुढे इंग्रजीत मॅन म्हणजे सगळी माणसं हा अर्थ मागे पडून फक्त पुरुष असा अर्थ उरला, म्हणून 1992 मध्ये नाव बदलून ह्युमन बिकमिंग केलं, आणि 2007 मध्ये ते दोन शब्द जोडून एकच करून टाकले, कारण त्यांच्या मते माणूस आणि माणसाचं घडत राहणं या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. 1988 मध्ये त्यांनी नर्सिंग सायन्स क्वार्टर्ली नावाचं जर्नल सुरू केलं आणि त्याचं संपादनही केलं. थिअरीची मुळं दोन ठिकाणी आहेत. एक मार्था रॉजर्स, या अमेरिकन नर्सिंग थिअरिस्ट, ज्यांनी 1970 मध्ये सांगितलं की माणूस तुकड्यातुकड्यांनी अभ्यासायची गोष्ट नाही. आणि दुसरं म्हणजे हायडेगर, सार्त्र, मर्लो-पाँटी ही युरोपातली अस्तित्ववादी तत्त्वज्ञ मंडळी. भाषा इतकी जड का झाली याचं उत्तर बहुतेक या दुसऱ्या मुळात आहे.

त्या काळात या विचाराच्या त्या एकट्याच नव्हत्या. 1976 मध्ये पॅटरसन आणि झ्डेराड या दोघींचं ह्युमॅनिस्टिक नर्सिंग आलं, 1979 मध्ये जीन वॉटसन यांची केअरिंगची मांडणी आली. हॉस्पिटलात मशिनं वाढत चालली होती आणि नर्सिंगमधल्या बऱ्याच जणींना वाटायला लागलं होतं की आपण मॉनिटर बघतोय, माणूस बघायचा राहतोय. पण पार्सबाई बाकीच्यांपेक्षा एक पाऊल पुढे गेल्या, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या एका पावलातच आहे.

ते पाऊल असं, की पेशंटची क्वालिटी ऑफ लाईफ कशी आहे हे फक्त तो पेशंटच सांगू शकतो. डॉक्टर नाही, नर्स नाही, घरचेही नाहीत. आणि नर्सिंगचं काम कशासाठी, तर त्या माणसाच्या नजरेतून त्याची क्वालिटी ऑफ लाईफ चांगली राहावी यासाठी. बस्स. बाकी सगळी थिअरी या एका वाक्याचा पसारा आहे.

यात नवीन काय, असं वाटेल. हॉस्पिटलमध्ये क्वालिटी ऑफ लाईफचे फॉर्म तर पेशंटकडूनच भरून घेतात. बरोबर. उदाहरणार्थ ईक्यू-5डी नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, त्यात पाच गोष्टी विचारतात: चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, रोजची कामं, दुखणं आणि चिंता किंवा उदासपणा. शिवाय 0 ते 100 ची एक पट्टी असते, त्यावर आज तब्येत कशी वाटते ते दाखवायचं. फॉर्म चांगला आहे, कामाचा आहे, दोन औषधांची किंवा दोन उपचारांची तुलना करायची तर असं काहीतरी लागतंच. पण बघा, उत्तरं पेशंटची असली तरी प्रश्न कोणाचे आहेत? ज्या माणसाचा सगळा जीव एखाद्या सहाव्याच गोष्टीत अडकलाय त्याने ती कुठे लिहायची? पार्सबाईंचा मुद्दा नेमका इथे आहे, की काय विचारायचं हेही त्या माणसाकडूनच यायला हवं.

आणि बाहेरून लावलेला अंदाज किती चुकू शकतो याचं एक उदाहरण पार्सच्या गोटाबाहेरचं आहे, म्हणून मला ते जास्त पटतं. 1999 मध्ये आल्ब्रेख्ट आणि डेव्हलिगर या दोन संशोधकांनी अपंगत्व असलेल्या 153 जणांशी सविस्तर बोलून एक अभ्यास छापला. ज्यांचं अपंगत्व मध्यम ते गंभीर होतं त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं, आमचं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय. लांबून बघणाऱ्याला वाटतं बिचारा काय जगतोय, आणि तो बिचारा सांगतो मी मजेत आहे. याला डिसॅबिलिटी पॅराडॉक्स म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी म्हणच आहे, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. पार्सबाई म्हणतात वंशाला जाता येत नाही हे मान्य करा, मग निदान त्याच्या शेजारी बसा आणि तो काय सांगतो ते ऐका.

आता आरोग्याची त्यांची कल्पना. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 च्या व्याख्येत आरोग्य म्हणजे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्ट्या संपूर्ण स्वास्थ्याची अवस्था, नुसता रोगाचा अभाव नव्हे. त्या काळासाठी ही व्याख्या मोठीच उडी होती, पण त्यातलं संपूर्ण आणि अवस्था हे दोन्ही शब्द पार्सबाईंना चालत नाहीत. त्यांच्या लेखी आरोग्य म्हणजे अवस्था नाहीच, तर माणूस आपलं आयुष्य जसं जगत, निवडत, बदलत जातो ते चालू राहणं म्हणजे आरोग्य. त्यामुळे आजार हा आरोग्याच्या उलट नाही. डायलिसिसवर असलेला माणूसही आपलं आरोग्य जगतोच आहे, फक्त त्यात आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून बसणंही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे शब्दांचे खेळ वाटले होते, अजूनही कधीकधी वाटतात, पण एक फरक पडतो तो असा की समोरच्याला आपण बिघडलेलं यंत्र म्हणून बघायचं थांबतो.

अजून एक भांडण त्यांनी उकरून काढलं. नर्सिंगच्या बहुतेक थिअऱ्या माणसाला बेरीज समजतात, शरीर अधिक मन अधिक समाज अधिक अध्यात्म. याला त्यांनी टोटॅलिटी पॅराडाइम असं नाव दिलं (पॅराडाइम म्हणजे विचाराची चौकट). आणि स्वतःची व रॉजर्सची थिअरी त्यांनी सायमल्टेनिटी पॅराडाइममध्ये टाकली, म्हणजे माणूस बेरीज नाहीच, तो एकसंध आहे आणि त्याच्याभोवतालच्या जगासकट सतत बदलतोय. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो. वॉर्डात याचा अर्थ एवढाच, की सकाळी शरीराचा कॉलम, दुपारी मनाचा कॉलम असा माणूस वाटून घेता येत नाही.

आता त्या तीन थीम: अर्थ, लय आणि पलीकडे जाणं. या नुसत्या सांगितल्या तर माझ्यासारख्याच तुमच्याही डोक्यावरून जातील, म्हणून एका काकूंचं सांगते.

साठीच्या काकू, स्ट्रोक येऊन गेलेला, उजवी बाजू कमजोर, बोलणं थोडं जड पण समजेल असं. आयुष्यभर हिशेबाचं काम केलेल्या. दहा वाजता फिजिओथेरपीवाला आला की काकू डोळे मिटून घ्यायच्या. दोन दिवस, तीन दिवस, मग नोट्समध्ये कोणीतरी लिहिलं, पेशंट को-ऑपरेट करत नाही, आणि एकदा हे लिहिलं गेलं की पुढच्या प्रत्येक शिफ्टला ते बरोबर पुढे जातं, औषधं एखादवेळी चुकतील पण हा शिक्का चुकत नाही. माझी नाईट होती. बीपी घेऊन कफ सोडवताना दिसलं की काकूंच्या डाव्या हाताच्या बोटांना निळी शाई लागलीये. उशीखाली रिपोर्टचं रिकामं पाकीट, आणि त्यावर मागून-पुढून नुसत्या रेघोट्या, वेड्यावाकड्या, एकाखाली एक, पण शेवटी सगळ्यांना एक तसाच झटका.

मी स्टूल ओढून बसले. तोंडावर वाक्य तयार होतं, अहो काकू, हळूहळू होईल सगळं नीट. ते मी गिळलं, आणि खरं सांगायचं तर शहाणपणाने नाही, दमले होते म्हणून. गप्पच बसले. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "सिस्टर, चालता नाही आलं तर कोणीतरी खुर्चीवरून नेईल. माझी सही दुसरं कोण करणार?"

इथे पहिली थीम आली, अर्थ. पार्सबाईंचं म्हणणं असं की माणूस आपल्या परिस्थितीला अर्थ स्वतः देतो, आणि तो तीन गोष्टींतून: इमेजिंग, व्हॅल्युइंग आणि लँग्वेजिंग. (हॉस्पिटलात इमेजिंग म्हणजे एक्स-रे आणि सीटी स्कॅन, त्यामुळे पहिल्या वाचनात माझा गोंधळ झाला होता, ते हे इमेजिंग नाही.) इमेजिंग म्हणजे माणसाच्या मनात आपल्या परिस्थितीचं जे चित्र तयार होतं ते. व्हॅल्युइंग म्हणजे त्यातलं काय मोलाचं, कशाला धरून ठेवायचं आणि कशावर पाणी सोडायचं. आणि लँग्वेजिंग म्हणजे हे सगळं बोलण्यातून, न बोलण्यातून, हालचालीतून बाहेर येणं. शाईने भरलेलं पाकीट हे काकूंचं लँग्वेजिंग होतं. आम्ही सगळे त्यांच्या पायाकडे बघत होतो, चालतील कधी, जिना चढतील का. त्यांचं चित्रच वेगळं होतं.

दुसरी थीम लय. माणूस एकाच वेळी उलटसुलट दोन गोष्टी जगत असतो आणि पार्सबाईंच्या मते हा गुंता सोडवायचा नसतो, कारण जगणं तसंच असतं. त्यांनी जोड्या सांगितल्यात: उघड करणं आणि झाकणं, जोडलं जाणं आणि दूर होणं, आणि तिसरी म्हणजे एक वाट धरली की तिने काही मिळतं आणि त्याच वेळी काही सुटतं. मी काकूंना विचारलं, मग फिजिओला डोळे का मिटता? तर म्हणाल्या, "तो मुलगा उजव्या हातात बॉल देतो. बॉल पडला की सगळे बघतात." भेटीची वेळ, आजूबाजूला सगळ्या पेशंटचे नातेवाईक, आणि आयुष्यभर आकडे चोख ठेवलेल्या बाईच्या हातातून बॉल पडतोय. म्हणजे नोट्समध्ये ज्याला असहकार म्हटलं होतं ते झाकणं होतं. आणि तीच बाई रात्री एका अनोळखी नर्सला पाकीट दाखवते, म्हणजे उघडही करते. घरच्यांना नाही दाखवलं, हेही लक्षात घ्या. आजारी माणूस बऱ्याचदा जवळच्यांपासूनच जास्त लपवतो, त्यांना त्रास नको म्हणून, आणि मग घरच्यांना वाटतं आपल्याला परकं केलं. बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत.

तिसरी थीम पलीकडे जाणं. शब्द फार मोठा आहे, पण अर्थ एवढाच की आहे त्या परिस्थितीतून पुढच्या शक्यतांकडे माणूस स्वतः सरकतो, आपल्या पद्धतीने. यातल्या तीन संकल्पना म्हणजे पॉवरिंग, ओरिजिनेटिंग, ट्रान्सफॉर्मिंग, म्हणजे ढकलत-अडखळत पुढे रेटणं, आपली वेगळी वाट काढणं आणि त्यातून जुन्याकडे नव्याने बघणं. मी काहीच सुचवलं नव्हतं. काकूच दोन दिवसांनी फिजिओवाल्याला म्हणाल्या, दहाला नको, भेटीची वेळ संपली की ये, आणि पडदा ओढ. तो आला, पडदा ओढला, बॉल पडला, कोणी बघितलं नाही.

आता यात नर्सने काय केलं? या थिअरीचं सगळ्यात वादग्रस्त उत्तर इथे आहे: ती सोबत होती. याला पार्सबाई ट्रू प्रेझेन्स म्हणतात. मराठीत याचं भाषांतर उपस्थिती असं करतात आणि ते मला अजिबात पटत नाही. उपस्थिती सभेला असते, हजेरी मस्टरवर असते. इथे शब्द हवा तो सोबत. सोबत देणारा माणूस काही करतोच असं नाही, पण तो नसला तर लगेच जाणवतं. पार्सबाई या सोबतीचे तीन प्रकार सांगतात. एक, समोरासमोर बोलणं, ज्यात विषय पेशंट ठरवतो. दोन, न बोलता बसणं. आणि तिसरा मला सगळ्यात खरा वाटतो, निघून गेल्यावरही जे रेंगाळतं ते. ड्युटी संपते, घरी येतो आणि आंघोळ करताना एखाद्या पेशंटचं वाक्य डोक्यात घोळत असतं, तेही सोबतीतच धरलंय बाईंनी.

हे गप्प बसणं सोपं वाटतं पण करून बघा. समोरचा रडायला लागला की आपला हात आपोआप खांद्यावर जातो आणि तोंडातून बाहेर पडतं, काही होत नाही, सगळं ठीक होईल. बऱ्याचदा तो धीर आपण स्वतःलाच देत असतो. यात नवं काही नाही म्हणा, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 सालच्या आपल्या नर्सिंगवरच्या पुस्तकात अख्खं एक प्रकरण यावरच लिहिलंय, आजारी माणसाला भेटायला येणारे लोक जी पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले देतात त्याने त्याला किती त्रास होतो यावर.

पार्सबाई इतक्यावर थांबत नाहीत. नर्सिंग प्रोसेस नावाची जी पाच पायऱ्यांची पद्धत आम्हाला शिकवतात, म्हणजे असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, अंमलबजावणी आणि मग इव्हॅल्युएशन, तीच त्यांना नको आहे. कारण त्यात नर्स आधी ठरवते की प्रॉब्लेम काय आणि मग तो सोडवायला निघते. त्यांच्या पद्धतीत पेशंट स्वतः आपल्या परिस्थितीचा अर्थ उलगडतो, त्याच्या चढउतारांबरोबर नर्स राहते, आणि पुढे कसं जायचं तेही तोच ठरवतो. संशोधनाचीही त्यांनी अशीच पद्धत बनवली, ज्यात प्रश्नांची यादी घेऊन मुलाखत नसते, संशोधक नुसता सोबतीला असतो, समोरचा आशा, दुःख अशा एखाद्या अनुभवाबद्दल बोलतो, आणि मग ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यातलं सार काढतात.

यावर टीका भरपूर झाली आणि बरीचशी रास्त आहे. पहिली अर्थात भाषेवर. साध्या गोष्टीला नवे शब्द घडवायचे आणि जुन्या शब्दांना नवे अर्थ चिकटवायचे, यात वाचणारा अर्ध्यातच पळून जातो. त्या म्हणतात नव्या विचाराला नवी भाषा लागते. असेल, पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्या वॉर्डातल्या नर्सला ती वाचवत नसेल तर उपयोग कुणाला? दुसरी, मोजता येत नाही. सोबतीमुळे फायदा झाला हे दाखवायचं कसं, आणि मॅनेजमेंटला तर आकडे लागतात. तिसरी, सगळीकडे चालत नाही. कार्डियाक अरेस्टच्या वेळी अर्थ उलगडत बसायचं नसतं, छाती दाबायची असते. ज्या पेशंटला शुद्धच नाही, किंवा ज्याचं बोलणं डिमेन्शियामुळे हरवलंय, तिथे न बोलता बसणं आहे खरं, पण त्याच्या मनात काय आहे हे आपण ठरवतोय की तो सांगतोय, हा प्रश्न राहतोच.

आणि चौथी अडचण मला सगळ्यात जास्त टोचते. पेशंटचा निर्णय त्याच्याच नुकसानीचा असेल तर? इन्सुलिन घ्यायचंच नाही म्हणणाऱ्यासमोर नुसतं सोबत म्हणून बसायचं? थिअरीचे पक्के अनुयायी म्हणतील की माहिती द्या, विचारेल ते सगळं सांगा, पण मन वळवू नका. माझ्याच्याने ते होत नाही. मी मन वळवते, दोनदा वळवते. पण आता आधी विचारते की इन्सुलिन म्हणजे तुमच्यासाठी काय आहे, आणि उत्तर बऱ्याचदा साखरेशी संबंधित नसतंच, वडिलांचा पाय इन्सुलिन सुरू झाल्यानंतरच कापला होता असलं काहीतरी निघतं, आणि मग बोलण्याला धागा तरी सापडतो.

वेळेचा मुद्दा उरतोच. एका नर्सकडे इतके पेशंट असताना स्टूल ओढून बसायचं कधी, हा प्रश्न मला प्रत्येक नवीन मुलगी विचारते आणि तिचं काही चुकत नाही. माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की सलाईन बदलायला, बीपी घ्यायला, ड्रेसिंगला तसंही जावं लागतंच, तेव्हा नजर मशीनवरून काढून माणसावर ठेवायला जादा मिनिटं लागत नाहीत. आणि सगळ्यांसाठी जमत नाही, एका शिफ्टला एखाद्यासाठी जमतं. माणसं कमी ठेवायची आणि मग नर्सला सोबतीचे धडे द्यायचे, असा जो प्रकार काही ठिकाणी चालतो त्याला मात्र थिअरी म्हणत नाहीत.

त्या रात्री मी काकूंच्या नोट्स लिहायला बसले तेव्हा खरी अडचण झाली. छापील फॉर्मवर बीपी, पल्स, युरिन आउटपुट, स्किन, सगळ्याला रकाना, सहीच्या सरावाला रकानाच नाही. शेवटी समासात लिहिलं, पेशंट रात्री डाव्या हाताने सही करायचा सराव करतात, त्यांच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं सांगतात. कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या रात्री फाईल उघडली तर त्याखाली दिवसपाळीच्या सिस्टरच्या अक्षरात एक ओळ होती: पेन आणि कोरे कागद डाव्या बाजूला ठेवणे.